विरघळून घडलेला दगड

आपण सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेली माणसं. घराचं जोतं काळ्या दगडाचं, किल्ल्याचा तट काळ्या दगडाचा, विहिरीच्या पायऱ्या काळ्या, गाभाऱ्यातली मूर्तीही बहुतेक वेळा काळीच. हा दगड लाव्हा थिजून झाला. थिजला तो थिजला, असं आपण धरून चालतो आणि शब्द बदलणार नाही हे सांगायला काळ्या दगडावरच्या रेघेची साक्ष काढतो. काळा दगडही झिजतो, त्याचीही माती होते, पण ती गोष्ट वेगळी. दगड म्हणजे न बदलणारी वस्तू, हा माझा समज मोडला तो चुनखडकाने. चुनखडक साचतो आणि साचल्यावर त्याचं खरं आयुष्य सुरू होतं. पाणी त्याला विरघळवतं, उचलून शेजारी नेऊन बसवतं, त्यातलं काही काढून घेतं, काही नवं भरतं. लाखो वर्षांनी तो आपल्या हातात येतो तेव्हा त्यातला कण न् कण बदललेला असू शकतो, आणि तरी शंखाचा आकार शंखाचाच राहिलेला असतो. या एका गोष्टीने मला जितकं नादावलं तितकं भूशास्त्रातल्या दुसऱ्या कशानेही नाही. ज्वालामुखी, भूकंप यांचा गाजावाजा फार होतो. पाण्याचा एक थेंब दोन कणांच्या मध्ये बसून काय करतो, हे मला त्याहून मोठं वाटतं.

मुंबईच्या जमिनीत असा चुनखडक नाही, तरी फोर्टात दोन नामवंत चुनखडक एकमेकांपासून थोड्याच अंतरावर पाहायला मिळतात. एक हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनमध्ये. रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा आराखडा, जेम्स फोर्सिथ यांचं कोरीव काम, साल १८६४, आणि दगड थेट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलँडचा. त्याचं वय साधारण साडेचौदा कोटी वर्षं. दुसरा दगड सौराष्ट्रातल्या पोरबंदरहून गलबतांनी आला आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या इमारतींच्या कमानी, महिरपी, नक्षी यांच्यात बसला. कोरायला मऊ, रंगाने फिकट पिवळसर. भूशास्त्रज्ञ त्याला मिलिओलाइट म्हणतात. त्याचं वय सुमारे पन्नास हजार ते दोन लाख वर्षं, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात अगदी काल-परवाचं. एकाचं रूपांतर केव्हाच आटोपलं आहे, दुसऱ्याचं अजून पुरतं संपलेलं नाही. एकाच फेरफटक्यात दोन्ही पाहता येतात, हे मुंबईकरांचं भाग्य आहे.

रूपांतर म्हणजे नेमकं कशाचं? समुद्रातले बहुतेक प्राणी आपलं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं करतात. पण हे कॅल्शियम कार्बोनेट दोन घडणींत मिळतं, कॅल्साइट आणि ॲरागोनाइट. रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी निराळी. कॅल्साइटात प्रत्येक कॅल्शियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, ॲरागोनाइटात नऊ. त्यामुळे ॲरागोनाइट जास्त दाटीचं आणि जड, घनता २.९३, कॅल्साइटची २.७१. आणि जमिनीच्या पृष्ठभागावरच्या दाबाला, तापमानाला टिकणारी घडण कॅल्साइटचीच. ॲरागोनाइट इथे पाहुणं आहे. पोवळी, गोगलगायी, बहुतेक शिंपले ॲरागोनाइट वापरतात. कालवं मुख्यतः कॅल्साइट वापरतात. समुद्री साळू, चुनायुक्त लाल शैवालं आणि मिलिओलाइटला ज्यांच्यावरून नाव मिळालं ते मिलिओलिड नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव तिसरी वाट धरतात: घडण कॅल्साइटची, पण कॅल्शियमच्या काही जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या. तेही फार काळ टिकणारं नव्हे.

डोळ्यांना हे तिन्ही सारखेच पांढरे दिसतात. फरक पहिल्यांदा मला दिसला तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मँगनीज सल्फेट आणि सिल्व्हर सल्फेटपासून केलेलं फाइगलचं द्रावण असतं. आमच्या सरांनी त्यात एक घासून सपाट केलेला शंख आणि एक कालवाची शिंप टाकायला सांगितली. काही मिनिटांत शंख राखाडी झाला, मग काळवंडला. कालव पांढरंच राहिलं. मात्र शिंपेच्या आतल्या बाजूला, जिथे त्या जिवाचा स्नायू कवचाला चिकटलेला असतो, तिथला लहानसा वण काळा पडला. सर म्हणाले, "ते बघ, स्नायूपुरतं त्याने ॲरागोनाइट वापरलंय." आख्खं घर एका खनिजाचं आणि स्नायूचा टेकू तेवढा दुसऱ्याचा! कालवासारख्या जिवाची ही निवड बघून मी कितीतरी वेळ त्या बशीवर वाकून उभा होतो. लाखो वर्षांनी पावसाचं पाणी त्या शिंपेत शिरेल तेव्हा पहिला जाईल तो हाच वण.

मग समुद्र मुळात ॲरागोनाइट होऊच का देतो, हा प्रश्न उरतो. उत्तर मॅग्नेशियममध्ये आहे. आजच्या समुद्रात कॅल्शियमच्या एका अणूमागे मॅग्नेशियमचे साधारण पाच अणू आहेत. वाढत्या कॅल्साइटच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम अडसर होऊन बसतं आणि त्याची वाढ रोखतं. ॲरागोनाइटच्या जाळीत ते मावतच नाही, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. टिकाऊ खनिजाची वाट अडली की कच्चं खनिज पुढे येतं. हे प्रमाण भूशास्त्रीय काळात वरखाली होत आलं आहे. पोर्टलँडचा दगड साचत होता त्या ज्युरासिक समुद्रांत मॅग्नेशियमचा वाटा आजच्यापेक्षा कमी होता आणि त्या काळी कॅल्साइटचेच गोल दाणे तयार होऊ शकत होते. म्हणजे कवच कोणत्या घडणीचं हे जसं जिवावर ठरतं तसंच ते समुद्राच्या अंगच्या क्षारांवरही ठरतं.

आता पाण्याचं काम. किनाऱ्यावर शंखशिंपल्यांचा चुरा साठला, वाऱ्याने त्याच्या टेकड्या केल्या, किंवा समुद्र मागे हटला आणि तळ उघडा पडला. त्यावर पाऊस पडतो. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं (मातीतल्या हवेत तो बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो) आणि सौम्य आम्ल होऊन खाली उतरतं. ॲरागोनाइटची विद्राव्यता कॅल्साइटच्या सुमारे दीडपट. म्हणून पाणी ॲरागोनाइट विरघळवत जातं, आणि त्याच्या दृष्टीने पाणी जेव्हा पोटभर होतं तेव्हा कॅल्साइटच्या दृष्टीने ते ओतप्रोत झालेलं असतं. जास्तीचं कॅल्साइट लगेच शेजारी बसायला लागतं. एकाच थेंबाच्या एका कडेला विरघळणं चालू, दुसऱ्या कडेला बसणं चालू. बाहेरून काहीही आणावं लागत नाही. सैल चुऱ्याचा खडक होतो तो असा, स्वतःचाच एक भाग विरघळवून दुसरा सांधत. पावसाळ्यात डब्यातल्या साखरेचा खडा होतो ना, दाणे जिथे एकमेकांना टेकतात तिथे दमट हवेने पाझरून पुन्हा घट्ट होतात, तसंच हे. फरक इतकाच की साखर साखरच राहते आणि इथे एक खनिज जाऊन दुसरं येतं.

पोरबंदरच्या दगडाचा पातळ काप, म्हणजे ०.०३ मिलिमीटर जाडीचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ही सगळी हकिगत लिहिल्यासारखी दिसते. गोलावलेले कवचांचे तुकडे, शैवालांचे कण, मिलिओलिडांची वळलेली इवली दालनं, मध्येच बेसॉल्टचा एखादा काळपट कण. दोन कण टेकतात तिथे कॅल्साइटची अंतर्वक्र पट्टी असते, दोन्ही कणांकडे रुंदावत गेलेली. तो थेंबाचा ठसा आहे. सगळी पोकळी पाण्याने भरलेली असती तर कॅल्साइट कणाभोवती चहूकडे सारखं वाढलं असतं. ते फक्त सांध्यापाशी आहे, म्हणजे पाणी तेवढ्यापुरतंच अडकून राहत होतं आणि बाकीच्या पोकळीत हवा होती. भूजलाच्या पातळीच्या वर, पावसाच्या येत्याजात्या पाण्यात हा दगड बांधला गेला, हे त्या पट्टीच्या वाकावरून सांगता येतं. मिलिओलिडांच्या कवचातलं मॅग्नेशियम मात्र काहीच खूण न ठेवता निघून जातं. त्यांची भिंत होती तशी दिसते. रासायनिक पृथक्करण केलं तरच कळतं की आतून ती निराळी झाली आहे.

ॲरागोनाइटच्या शंखांचं काय होतं, हे बघताना मला दर वेळी थक्क व्हायला होतं. समुद्रतळावर पडलेल्या रिकाम्या शंखाच्या पृष्ठभागात सूक्ष्म शैवालं आणि इतर जीव बिळं कोरतात. बिळं मग अतिबारीक कॅल्साइटने बुजतात आणि शंखाभोवती एक पातळ, गडद आवरण तयार होतं. पुढे गोड्या पाण्यात शंख पूर्ण विरघळला तरी हे आवरण बऱ्याचदा उभं राहतं. आत नुसती पोकळी. पुढे केव्हातरी त्या पोकळीत स्वच्छ, ठसठशीत कॅल्साइट स्फटिक वाढतात आणि कापात आपल्याला शंखाची रेषा दिसते, आत शंखातलं काहीही नसतं. रॉबिन बॅथर्स्ट या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने या आवरणांचा माग काढला. १९७१ मध्ये आलेला त्यांचा ग्रंथ कार्बोनेट गाळावर काम करणारे अजून हाताशी ठेवतात. शंखाचा आकार टिकला तो त्याच्या मजबुतीमुळे नव्हे. ज्यांनी त्याला पोखरलं त्यांच्यामुळे टिकला.

आणखीही एक वाट आहे, आणि ती अधिक नाजूक. कधी ॲरागोनाइट आणि नवं कॅल्साइट यांच्यामध्ये पाण्याचा एक अत्यंत पातळ पापुद्रा सरकत जातो. पुढच्या बाजूने विरघळणं, मागच्या बाजूने बसणं, मोठी पोकळी कधी होतच नाही. तेव्हा जुन्या शंखाचे थर, त्यातल्या सेंद्रिय द्रव्याच्या तपकिरी रेषा, नव्या कॅल्साइटच्या स्फटिकांतून आरपार गेलेल्या दिसतात. या सरकण्यात ॲरागोनाइटने धरून ठेवलेलं स्ट्रॉन्शियम बहुतेक बाहेर पडतं, कारण कॅल्साइटच्या जाळीत त्याला नीट जागा नसते. नवं खनिज जुन्यापेक्षा सुमारे आठ टक्के जास्त जागा मागतं. भूशास्त्रज्ञ हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८७९ मध्येच लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसमोर दाखवून दिलं होतं की ॲरागोनाइटची कवचं आणि कॅल्साइटची कवचं चुनखडकात वेगवेगळ्या नशिबाने जातात. खडकाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीतही बरीचशी त्यांनीच रुळवलेली.

मिलिओलाइटचं नाव मुंबईशी बांधलेलं आहे. मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ मध्ये अरबस्तान, सिंध, कच्छ आणि काठियावाडातल्या अशा खडकांवर आणि त्यातल्या सूक्ष्म जीवांवर लिहिलं. पुढे वाद पेटला तो हा दगड समुद्रात साचला की वाऱ्याने उडवून आणला याचा. भूशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. इव्हान्स यांनी १९०० मध्ये जुनागडच्या दगडाबद्दल वाऱ्याच्या बाजूने कौल दिला. सौराष्ट्रात हा दगड किनाऱ्यापासून आत, बेसॉल्टच्या काळ्या टेकड्यांच्या अंगावरही चिकटलेला सापडतो. आपल्याच दख्खनच्या लाव्ह्याच्या त्या टेकड्या. समुद्र तितक्या उंचीवर चढला होता असं मानण्यापेक्षा वाऱ्याने चुरा नेला असं मानणं सोपं जातं. किनाऱ्याजवळच्या थरांबद्दल मतभेद पुष्कळ चालले, आणि मला वाटतं काही थर समुद्राचे, काही वाऱ्याचे असं मानण्यात शहाणपण आहे.

पोर्टलँडच्या दगडात ही कहाणी शेवटाला गेलेली दिसते. तिथल्या खाणीत रोच नावाचा थर आहे. त्यात दगडभर पोकळ्या असतात, स्क्रूच्या आकाराच्या. पोर्टलँड स्क्रू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांबट शंखांच्या त्या रिकाम्या जागा. ट्रायगोनिया या शिंपल्याच्या आतल्या गाळाचे साचेही तिथे मिळतात आणि खाणकामगार त्यांना घोड्याची डोकी म्हणतात. ही कवचं ॲरागोनाइटची होती, सगळी विरघळून गेली. त्याच खडकातली कालवं मात्र कवचासकट शाबूत. प्रयोगशाळेतल्या बशीत काही मिनिटांत दिसलेली निवड इथे साडेचौदा कोटी वर्षांनी दगडात उभी असते.

पाणीच नसेल तर? तर काहीच होत नाही. कोरड्या ॲरागोनाइटला कॅल्साइट करायला शेकडो अंश तापवावं लागतं. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये एका ठिकाणी डांबराने माखलेले थर आहेत. तीस कोटी वर्षांहून जुने शंख तिथे अजून ॲरागोनाइटचेच आहेत, कारण डांबराने पाण्याला आत येऊ दिलं नाही. काळाने दगड बदलतो असं आपण म्हणतो. बदलतं पाणी. काळ नुसता सोबत असतो.

याला व्यवहाराचीही बाजू आहे. पोवळ्यांच्या जीवाश्मांतल्या युरेनियम-थोरियमवरून समुद्राची जुनी पातळी कोणत्या काळातली ते काढतात. तो हिशेब पोवळं मूळचं ॲरागोनाइट राहिलं असेल तरच विश्वासाचा. म्हणून वय काढण्याआधी क्ष-किरणांनी तपासून कॅल्साइट शिरलंय का ते पाहतात. थोडं जरी शिरलं असलं तरी नमुना बाजूला ठेवावा लागतो. मिलिओलाइटच्या वयाबद्दल शास्त्रज्ञ सांभाळून बोलतात तेही यामुळेच: दगडाचं वय म्हणून जे हाती येतं ते कवचाच्या जन्माचं आहे की नंतर बसलेल्या सांध्याचं, हे आधी सोडवावं लागतं.

डोलोमाइटबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आळीपाळीने थरांत बसलेलं हे खनिज देओदा द डोलोमिय यांनी १७९१ मध्ये वर्णिलं. चुनखडकासारखाच दिसणारा तो दगड आम्लात फसफसत का नाही, हे त्यांना खटकलं होतं. जगभर चुनखडकांचे डोंगरच्या डोंगर पुढे डोलोमाइट झालेले आहेत. पण नेहमीच्या तापमानाला ते प्रयोगशाळेत बनेना. भूशास्त्रज्ञ लिंटन लँड यांनी २५ अंशांना, हजारपट अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त भरलेलं) द्रावण ३२ वर्षं ठेवलं आणि १९९८ मध्ये जाहीरपणे लिहिलं की डोलोमाइट बनलं नाही. मला हा निबंध फार मोलाचा वाटतो. ३२ वर्षांनी "झालं नाही" असं छापणं याला शास्त्रावरची निष्ठा लागते. २०२३ मध्ये मिशिगनचे वेनहाओ सुन आणि होक्काइडोचे युकी किमुरा यांच्या गटांनी गाठ सोडवली. वाढत्या स्फटिकावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चुकीच्या जागी बसतात आणि पुढची वाढ अडते. द्रावण अधूनमधून असंपृक्त झालं की ते चुकीचे अणू विरघळून जातात आणि नीट थर बसायला जागा होते. त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या झोताने हे विरघळणं घडवलं, दोन तासांत सुमारे चार हजार वेळा, आणि जवळपास तीनशे थर वाढले. आधी पाचांच्या पुढे जात नव्हते. म्हणजे लँड यांच्या द्रावणात कमी होती ती विरघळण्याची. भरती-ओहोटी, पाऊस आणि ऊन जिथे पाणी पातळ-दाट करत राहतात तिथे निसर्गाला ते आपोआप साधत असावं.

आपल्याकडेही जुने चुनखडक आहेत. चंद्रपूर-यवतमाळचा पैनगंगा गटातला चुनखडक शंभर कोटी वर्षांहून जुना, कवचाचे प्राणी जन्मण्याच्याही आधीचा. गडचांदूर, आवारपूरचे सिमेंटचे कारखाने त्याच्यावर चालतात. आज त्यात ॲरागोनाइट शोधू नये. कोकणच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी उलट टोक दिसतं: भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शिंपल्यांचा चुरा आणि काळी वाळू सांधून झालेला खडबडीत खडक, ज्याचं सगळं आयुष्य काही हजार वर्षांचं. विदर्भ आणि कोकण यांच्यामध्ये चुनखडकाच्या जन्माची सगळी अवस्थांतरं बसतात.

चुनखडकातली पाण्याची ये-जा तो इमारतीत बसल्यावर थांबत नाही. पोरबंदरचा दगड सच्छिद्र आहे. पावसात पाणी घेतो, उन्हात सोडतो. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यांनी आपल्या सिमेंटचं पेटंट घेतलं आणि रंगाने पोर्टलँडच्या दगडासारखं म्हणून त्याला पोर्टलँड सिमेंट नाव दिलं. त्याच सिमेंटने असे दगड दुरुस्त केले की सांधा दगडाहून कठीण आणि बंद होतो, पाणी सांध्यातून निघायचं ते दगडातून निघतं, आणि क्षार दगडाच्या तोंडाशी स्फटिक होऊन पापुद्रे उडवतात. तेलरंगाचा थर चढवला तरी ओल आतच कोंडते. फ्लोरा फाउंटनवरचे असे जुने थर जीर्णोद्धारात उतरवले गेले आणि २०१९ मध्ये मूळ दगड लोकांना पुन्हा दिसला. ज्यांच्या ताब्यात पोरबंदरच्या दगडाच्या जुन्या इमारती आहेत त्या विश्वस्तांना, कंत्राटदारांना आणि सोसायट्यांना एवढंच सांगणं आहे: सांधे चुन्याने भरा, सिमेंट वापरू नका, आणि दगडावर रंग लावू नका.